सीता अशोकाला तेराव्या वर्षी खोडावर फुलं: खालची फांदी काढू का?

ओलीमाती:

सीता अशोक, बियांपासून वाढवलेला, वय १३ वर्षं. उंची १४ फुटांच्या आसपास, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर ३८ सेंमी. पहिली दोन वर्षं पिशवीत, मग जमिनीत. माती मध्यम काळी, पाणी साचत नाही. सकाळी अकरापर्यंत ऊन, नंतर भिंतीची सावली. आजवर एक कळी दिसली नव्हती. या फेब्रुवारीत खोडावर अडीच फुटांवर एक गुच्छ आणि सगळ्यांत खालच्या जाड फांदीवर दोन गुच्छ आले. शेंड्याकडे काहीच नाही.

चार शंका आहेत. एकाच गुच्छात काही फुलं पिवळट नारिंगी आणि काही लालभडक आहेत, हा रोग आहे का? ती खालची फांदी वाटेवर येते, बहर संपल्यावर ती बुंध्यापासून काढणार होतो, चालेल का? पुढच्या वर्षी जास्त फुलं यावीत म्हणून आत्ता काय घालावं? आणि दहा-बारा दिवसांत जवळपास सगळी फुलं गळली, शेंग एकही नाही, हे कशामुळे?

जुनंलाकूड:

फांदी काढू नका, आधी हे वाचा.

सीता अशोकाची फुलं जुन्या लाकडावर येतात. कोवळ्या काडीवर गुच्छ कमीच येतात. साल जाड झालेल्या फांद्या आणि खोड हीच त्याची फुलायची जागा. तुमचे तिन्ही गुच्छ खाली आलेत ते याचमुळे, कारण तेवढंच लाकूड पुरेसं जुनं झालंय. ती फांदी बुंध्यापासून काढलीत तर दोन तृतीयांश बहर कापून टाकाल, आणि वरच्या फांद्या त्या जाडीला यायला आणखी काही वर्षं जातील. बागांमधले कितीतरी अशोक वर्षानुवर्षं वांझ दिसतात त्याचं एक कारण हेच असतं. झाड ‘सुबक’ दिसावं म्हणून दरवर्षी खालच्या फांद्या उतरवल्या जातात, आणि फुलायला आलेलं लाकूडच नेमकं जातं.

आता गुच्छ जिथे आला होता ती जागा जवळून बघा. सालीवर बारीक खडबडीत उंचवटा दिसेल, चामखिळीसारखा. त्यात सुप्त डोळे असतात आणि पुढच्या बहराला गुच्छ बहुधा तिथूनच किंवा त्याच्या शेजारून फुटतो. म्हणून वाळलेला देठ ओढून काढायचा नाही. ओढला की सालीचा पापुद्रा सोबत येतो आणि डोळाही जातो. तो आपोआप गळतो. खोड घासून ‘स्वच्छ’ करणं, त्यावर चुना किंवा रंग लावणं, दिव्यांच्या माळांसाठी खिळे ठोकणं, हे सगळं बंद.

रंगाचं म्हणाल तर तो रोग नाही. फूल उमलतं तेव्हा पिवळं-नारिंगी असतं आणि जुनं होत जातं तसं लाल होतं. त्यामुळे एका गुच्छात दोन्ही रंग असणारच. एक फूल हातात घेऊन पाहा. त्याला पाकळ्या नसतातच. ज्या चार पाकळ्या वाटतात ती निदलाची (फुलाच्या बाहेरच्या आवरणाची) टोकं आहेत, खाली त्यांची बारीक नळी असते आणि त्या नळीत मध. बाहेर लांब आलेले लालसर तंतू म्हणजे पुंकेसर, बहुतेक फुलांत सात. संध्याकाळनंतर वास जास्त जाणवतो.

खतपाणी:

अभिनंदन! फुलं वाढवायची तर डिसेंबरपासून पाणी तोडा, आंब्याला ताण देतो तसं. जानेवारीत ००:५२:३४ ची (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं पाण्यात विरघळणारं खत) फवारणी, लिटरला ५ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. ताण बसला की झाड फुलावर येतं.

पाणवठा:

ताणाचा सल्ला या झाडाला लावू नका. आंब्याचं गणित वेगळं. सीता अशोक हे सह्याद्रीतल्या ओढ्याकाठचं, मोठ्या झाडांच्या सावलीतलं झाड आहे. मुळं कायम ओलसर आणि हवेत दमटपणा, ही त्याची सवय. डिसेंबरला पाणी तोडलंत तर फेब्रुवारीत, म्हणजे ऐन कळ्यांच्या वेळी, माती खोलवर कोरडी झालेली असेल. मग पानांच्या कडा करपतात, कळ्या हरभऱ्याएवढ्या असतानाच गळतात आणि नवी पालवी सुकते. दोन-तीन वर्षं असा ताण दिला तर शेंड्याकडून फांद्या वाळायला लागतात.

पाणी असं ठेवा: पावसाळा संपल्यावर दर सात-आठ दिवसांनी, फेब्रुवारी ते मे दर चार-पाच दिवसांनी, एका वेळी ४० ते ५० लिटर, सावकाश. काळ्या मातीत आकड्यापेक्षा हाताचा अंदाज खरा. आळ्याच्या कडेला वीतभर खणून माती मुठीत दाबा. गोळा होऊन मोडत असेल तर ठीक, हाताला चिकटत असेल तर दोन दिवस थांबा, भुगा होत असेल तर उशीर झालाय. आळं खोडाला लागून नको, फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेखाली गोल करा. खोडाशी पाणी साचलं की बुंध्याची साल कुजते. आळ्यात पालापाचोळा चार बोटं जाड पसरा, खोडापासून वीतभर मोकळी जागा सोडून.

खत साधं: पावसाळ्याच्या सुरुवातीला चांगलं कुजलेलं शेणखत १५ ते २० किलो आणि निंबोळी पेंड १ किलो, त्याच कडेच्या गोलात वरच्या मातीत मिसळून. ऑक्टोबरमध्ये याच्या निम्मं. युरिया किंवा नत्र जास्त असलेलं खत टाळा, त्याने पानंच पानं येतात. ००:५२:३४ ने नुकसान होईलच असं नाही, पण जे झाड लाकूड जुनं होण्याची वाट बघतंय त्याला स्फुरद पाजून वय वाढत नाही.

ऊन मात्र बघा. सकाळचं चार-पाच तासांचं ऊन उत्तम आहे, ते राहू द्या. गडद सावलीत हे झाड जगतं, पण फुलं कंजूषपणे देतं, आणि दिवसभर भाजणाऱ्या उन्हात पानं करपतात. शेजारचं एखादं झाड वाढून सकाळची बाजू झाकत असेल तर छाटणी त्याची करा.

जाता जाता एक. बहरानंतर नवी पालवी येईल ती तांबूस, लुळी, चिंधीसारखी खाली लोंबणारी. तिला पाणी कमी पडलं असं समजून बादल्या ओतू नका, ती तशीच असते आणि काही दिवसांत हिरवी होऊन ताठ होते. हिरवी झाल्यावर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा राहिला तरच लोहाची कमतरता समजा. चुनखडी असलेल्या जमिनीत हे होतं. तेव्हा चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येतं अशा रूपातलं) लिटरला १ ग्रॅम, उन्हं उतरल्यावर पानांवर फवारा.

खतपाणी:

ओढ्याकाठचं झाड हा मुद्दा मान्य. ताणाचं मागे घेतो.

बीजांकुर:

शेंगांबद्दल. पहिल्या बहरात शेंग न धरणं अगदी नेहमीचं आहे. मोठ्या झाडावरही शेकडो फुलांमागे मोजक्याच शेंगा टिकतात. तीन गुच्छांतून शून्य ही तक्रार होऊ शकत नाही. कळ्यांवर किंवा फुलांवर कीटकनाशक मारलं असेल तर मात्र मधमाश्या आणि फुलपाखरं फिरकणार नाहीत. मावा दिसला तर साध्या पाण्याचा फवारा पुरे.

पुढच्या वर्षी हाताने परागण करून बघता येईल. जवळपास दुसरा सीता अशोक फुललेला असेल तर त्याचे पिकलेले पुंकेसर सकाळी एका डबीत घ्या आणि मऊ कुंचल्याने आपल्या ताज्या, अजून नारिंगी असलेल्या फुलांच्या कुक्षीवर टेकवा. कुक्षी म्हणजे पुंकेसरांच्या मधून निघणाऱ्या, टोकाशी वळलेल्या एकट्या दांडीचं टोक. लाल झालेल्या फुलांवर वेळ घालवू नका.

शेंग धरली तर ती चपटी असते, कोवळेपणी जांभळट लाल, वाढून साधारण १० ते २५ सेंमी. पावसाळ्याच्या तोंडावर पिकते, तपकिरी होते आणि तडकून पिळवटते. बिया खाली पडल्या की उंदीर-घुशी नेतात किंवा कीड लागते, म्हणून रंग बदलायला लागताच शेंगेला जाळीची पिशवी बांधा.

बी वाळवून डब्यात ठेवायचं नसतं. अशोकाच्या रुजवणीत सगळ्यांत जास्त फसतं ते इथेच. सुकलं की त्याची उगवण झपाट्याने जाते. आठवड्याच्या आत पेरा. १२ तास पाण्यात भिजवा, तरंगणाऱ्या बिया टाकून द्या. पिशवी ६ बाय १० इंचांची घ्या, त्याहून उथळ नको, कारण सोटमूळ लगेच खाली जातं. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. बी आडवं ठेवून वर दीड-दोन सेंमी माती. सावलीत, ओल टिकवून. दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतो.

तेरा वर्षं का लागली याचा एक धागा पिशवीतही असू शकतो. दोन वर्षं एकाच पिशवीत राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळतं आणि जमिनीत गेल्यावरही झाड बरीच वर्षं रखडत वाढतं. बियांपासून वाढलेला अशोक बऱ्याचदा सहा-आठ वर्षांत फुलावर येतो. नवी रोपं पुढच्याच पावसाळ्यात जमिनीत लावा, आणि लावताना पिशवीचा तळ कापून गुंडाळलेलं मूळ दिसलं तर तेवढा वेढा धारदार पात्याने छाटून टाका.

ओलीमाती:

देठ ओढणार होतोच, थांबलो. फांदी ठेवायची ठरली, पण वाट अडते हे खरं आहे. ती फांदी सात फूट लांब आहे, गुच्छ खोडापासून पहिल्या दोन फुटांत आले होते. टोकाकडून कमी केली तर? आणि ही छाटणी कधी करावी?

जुनंलाकूड:

अगदी तसंच करा. मे महिन्याच्या मध्यापर्यंत, वळवाचा जोरदार पाऊस सुरू व्हायच्या आत, कोरडा दिवस बघून. पावसाळ्यात केलेली जखम ओली राहते आणि बुरशी शिरते, आणि ऑक्टोबरनंतर कापलंत तर पुढच्या बहराच्या कळ्यांची तयारी मोडते.

खोडापासून चार फुटांच्या पुढे, वरच्या किंवा बाजूच्या दिशेने जाणारी एखादी उपफांदी शोधा, निदान कापायच्या फांदीच्या एक तृतीयांश जाडीची. काप तिच्या थोडा पुढे घ्यायचा. नुसता मधेच ठूठ ठेवला तर तो मागे मागे वाळत येतो आणि नेमका फुलाच्या जागेपर्यंत पोचतो. फांदी जड असेल तर आधी ठरलेल्या जागेच्या फूटभर पुढे खालून एक तृतीयांश करवत चालवा, मग त्याच्या दोन बोटं पुढे वरून कापून वजन उतरवा, आणि शेवटी उपफांदीजवळ नीट काप घ्या. सरळ वरून कापलंत तर फांदी मोडताना खालची साल खोडाच्या दिशेने सोलत जाते. काप तिरका असू द्या, पाणी थांबणार नाही असा. त्यावर बोर्डो पेस्टचा (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) पातळ हात पुरे, डांबर नको.

उरलेली चार फुटांची फांदी वाटेवर लोंबत असेल तर खालून बांबूची बेचकी द्या. बेचकीत सुतळी किंवा गोणपाट गुंडाळा, नाहीतर वाऱ्याने घासून साल सोलली जाईल, आणि नेमकी खालच्या बाजूची, जिथे उंचवटे जास्त आहेत का ते तुम्ही अजून पाहिलेलं नाही.