पूजेची केळी, गव्हावर गहू

(सोसायटीचा ग्रुप, नांदेड. श्रावणातला रविवार, सकाळी ९ पासून.)

मंदाकाकू, ए-३०४: कालच्या सत्यनारायणाची केळी अजून पार्किंगमधल्या टेबलावर टोपल्यात आहेत. दीड-दोन डझन तरी असतील. सालीवर काळे ठिपके पडायलेत, उद्याला टिकणार नाहीत. ज्यांना हवीत त्यांनी आजच न्या. प्रसादाची आहेत, कचऱ्यात जाऊ देऊ नका.

सचिवकाका, सी-१०१: पाण्याची मोटार आज ११ ला चालू होईल. सगळ्यांनी टाक्या भरून घ्याव्यात.

स्नेहा, बी-२०१: काकू, मी सहा घेऊ का? बनाना ब्रेड परत करून बघते. मागच्या रविवारी केला तो पार बसला. मधे कच्चा, खाली बोटभर चिकट थर आणि वरून करपलेला. लेकाच्या डब्यासाठी म्हणून मुद्दाम मैदा टाळला होता, घरचे गहू दळून आणले होते. पीठ त्याच दिवशीचं, एकदम ताजं. तरी असं का झालं असेल?

वैशाली, बी-३०३: कणकेचा केक फुलत नाही गं. निम्मा मैदा घालावाच लागतो. मी तर नाद सोडला.

मंदाकाकू: फुलतो वैशाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी केला तसा मीही सुरू केला आणि अजून करते. मैद्याचा एक चमचा नाही, फक्त लोकवन गहू. अंडं पण नाही. स्नेहा, सहा काय आठ घे. पण आधी मला सांग, पीठ आणल्यावर किती वेळानं कालवलंस?

स्नेहा: लगेच. पिशवी अजून गरम होती. रेसिपीत २ कप मैदा आणि ३ केळी होती. मी २ कप कणीक आणि ३ मोठी केळी घेतली. कालवलं आणि लगेच ओव्हनमध्ये, २०० वर.

मंदाकाकू: मग पिठाचा काही दोष नाही बघ. सविस्तर लिहिते, कारण हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं आणि माझेही तीन ब्रेड असेच गेले.

आधी मापाचं. ताजं दळलेलं पीठ फुललेलं असतं, त्यात हवा असते. पुड्यातला मैदा दाबून बसलेला असतो. त्यामुळे एकाच कपात ताजं पीठ वजनाला कमी भरतं. तू दोन कप घेतलंस पण पीठ गेलं कमी. त्यात केळी मोठी. केळ्यात म्हणजे पाऊण भाग पाणीच आलं ना बाई! आणि त्या रेसिपीतलं केळ केवढं, आपलं केवढं. म्हणून दोन्ही वजनावर घ्यायचं. साल काढलेली केळी ३५० ग्रॅम, पीठ २४० ग्रॅम. वजनकाटा नसेल तर माझा ने.

दुसरं, गरम पीठ. गिरणीतून आणलं की ताटात पसरून अर्धा-पाऊण तास गार होऊ द्यायचं. गरम पिठाचा डबा लावला तर आत घाम येतो, गुठळ्या होतात, आठ दिवसांत वास मारायला लागतं. पोळ्यांसाठी सुद्धा हे पाळावं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मैद्यात कोंडा नसतो, म्हणून मैदा पाणी लगेच पितो. आपल्या पिठात कोंडा असतो, गव्हाचा अंकुरही असतो. कोंड्याचे ते बारीक कण पाणी जास्त पितात पण सावकाश पितात. रवा इडलीचं पीठ आपण अर्धा तास झाकून ठेवतो, लगेच पात्रात घालत नाही. इथं पण तेच आहे. तू लगेच भट्टीत घातलंस, कोंडा कोरडाच राहिला आणि केळ्याचं पाणी सुटून खाली बसलं. तो चिकट थर त्याचाच.

स्नेहा: अय्या. मला वाटलं पीठ जितकं ताजं तितकं लवकर वापरलेलं बरं.

मंदाकाकू: लवकर वापरायचंच. पण आधी गार करून, मग भिजवून.

अनघा, ए-२०२: काकू पण भिजवून ठेवलं तर सोड्याचा जोर जाईल ना? ढोकळ्यात तर सोडा घातला की लगेच वाफवायचं असतं.

मंदाकाकू: बरोब्बर. म्हणून सोडा शेवटी. दही, केळं, गूळ यात आंबटपणा असतो, त्यात सोडा पडला की तिथंच गॅस सुटायला लागतो. अर्ध्या तासात सगळा उडून जाईल. मी दोन चमचे कोरडं पीठ बाजूला काढते. बाकी सगळं कालवून ४० मिनिटं झाकून ठेवते. ओव्हन तापला की त्या बाजूच्या पिठात सोडा चाळून वरून भुरभुरते, हलक्या हातानं दहा-बारा वेळा फिरवते की लगेच भांड्यात. त्यानंतर थांबायचं नाही.

गजूदादा, सी-२०४: काकू ती केळी आमच्या बागेतली हायेत बरं का. अर्धापूरकडची. आबांनी पूजेसाठी म्हणून दोन फण्या दिल्या होत्या.

मंदाकाकू: हो का गजू! मग तर एकही वाया जाऊ द्यायचं नाही.

गजूदादा: नका जाऊ देऊ. रोप लावल्यापासून घड उतरेपर्यंत ११-१२ महिने जातात. इसापूर धरणाच्या कॅनॉलचं पाणी आलं तर ठीक, नाहीतर बोअरवर. एवढं करून जूनमधल्या वादळानं झाड घडासकट आडवं होतंय. व्यापारी ठिपके पडलेलं केळं घेतच नाही, त्याला हिरवा घड पाहिजे ट्रकमध्ये भरायला. पिवळं होऊन राहिलं की ते जनावरांना जातंय. तुम्ही लोक काळं केळं वापरायलात हे वाचून बरं वाटलं.

अनघा: दादा, बाजारातली केळी बाहेरून पिवळीधमक असतात आणि आत कडक, चवच नसते. तसली चालतील का यात?

गजूदादा: ती हिरवी तोडून रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे पिकवायच्या बंद खोलीत, इथिलीन वायूवर पिकवतात. त्यात वाईट काही नाही, केळ स्वतः पण इथिलीन सोडतंच पिकताना. पण चेंबरमधून काढल्यावर दोन-चार दिवस घरात राहू द्यायला पाहिजे. हिरव्या केळ्यात सगळा स्टार्च असतो, पिकताना त्याची साखर होते. ठिपके पडले की समजायचं काम झालं.

मंदाकाकू: ब्रेडला तसलंच पाहिजे. कडक पिवळं केळ कुस्करलं जात नाही, गुठळ्या राहतात, मग गूळ वाढवावा लागतो. आणि ज्यांना आज वेळ नाही त्यांनी साल काढून डब्यात फ्रीझरला टाका. वापराच्या आधी बाहेर काढा. पाणी सुटेल, ते फेकू नका, गोडी त्यातच असते.

सचिवकाका: लाईट ११ ते १ जाणार असा मेसेज आलाय. मोटार आत्ताच लावतो.

वैशाली: काकू प्रमाण टाकाल का सगळं एकदा? करून बघते मी पण.

मंदाकाकू: घे. केळी ३५० ग्रॅम, काट्यानं कुस्करून. गूळ १२० ग्रॅम किसून, तो केळ्यात पूर्ण विरघळला पाहिजे, खडा राहिला तर तिथं भोक पडतं. दही १०० ग्रॅम. तेल पाऊण वाटी, म्हणजे साधारण ८० मिली. मी करडईचं घालते, लाकडी घाण्याचं उग्र वाटत असेल तर साधं घाला. शेंगदाण्याचं मला आवडलं नाही, त्याचाच वास पुढं येतो. चिमूटभर मीठ, जायफळ. पीठ २४० ग्रॅम. सोडा सपाट १ छोटा चमचा, तो शेवटी, वर सांगितलं तसा. मिश्रण इडलीच्या पिठाहून घट्ट, डावातून एका जागी धपकन पडेल असं. ४० मिनिटांनी फारच घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध. वरून तीळ किंवा अक्रोड, जे असेल ते.

ओव्हन १७०. २०० नको, म्हणून तर तुझा वरून करपला आणि आत कच्चा राहिला. खालच्या कप्प्यात ठेव. ५० ते ६० मिनिटं लागतात. ३५ मिनिटांनी वर रंग आला की फॉइल झाक. सुरी मधोमध खुपसून बघ, कडेला नाही.

वैशाली: आमच्याकडं ओव्हन नाही. कुकरमध्ये?

मंदाकाकू: होतो. कुकरची रिंग आणि शिट्टी काढायची. तळाला मीठ, त्यावर स्टँड, १० मिनिटं मध्यम आचेवर तापवायचं. मग भांडं ठेवून अगदी बारीक गॅस. तासभर तरी लागेल. वरून ओव्हनसारखा तांबूस होत नाही, चवीत काही फरक नाही.

आजी, ए-१०२ (नातीच्या फोनवरून): मंदा, तू गिरणीवाल्याचं सांगितलंच नाहीस. गव्हावर गहू दळून आणला का त्या पोरीनं ते विचार. आपल्याकडं घरोघरी ज्वारी. ज्वारीवर गहू दळला की पीठ रवरव लागतं, पोळी कडेला फुटते.

स्नेहा: आजी, माझ्या आधी कुणाचं तरी हरभरा डाळीचं दळण होतं. मी काही बोलले नाही.

आजी: बोलायचं. गव्हावर गहू टाका म्हणायचं आणि तोवर बसून राहायचं. नाहीतर पहिलं किलोभर पीठ वेगळं काढून धिरड्याला ठेवायचं.

मंदाकाकू: आजींचं शंभर टक्के बरोबर. घरघंटीत पण हेच. ज्वारी दळल्यावर मी जाळी काढून ब्रशनं झाडते, मूठभर गहू फिरवून ते पीठ बाजूला काढते आणि मग ब्रेडचं दळते, सगळ्यात बारीक जाळी लावून.

आजी: आमच्या वेळी जात्याचं पीठ हाताला कोमट लागायचं, इतकं भाजायचं नाही. रोज पहाटे त्या दिवसापुरतंच दळायचं. आठ दिवसांच्या ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते. गव्हाचं तेवढं लगेच कळत नाही, पण चव जातेच.

मंदाकाकू: अंकुरात तेल असतं आजी. दळलं की त्याला हवा लागते आणि ते हळूहळू खवट होतं. मैद्यातून कोंडा आणि अंकुर दोन्ही काढलेले असतात, म्हणून तो महिनोन्‌महिने टिकतो. ताज्या पिठाच्या केकला जो भाजलेल्या गव्हासारखा वास येतो तो त्या अंकुराचाच. १५ दिवसांच्या पिठाचा करून बघितला होता मी. फुलला छान, पण शेवटी जिभेवर कडवट राहिला.

अनघा: खपलीचे गहू आहेत माझ्याकडं. चालतील?

मंदाकाकू: चालतील, छान लागतात. खपलीत चिकटपणा कमी, आणि इथं आपल्याला ताणणारं पीठ नकोच आहे. फक्त दही थोडं कमी घाल आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नकोस, भुगा होईल. बन्सी गहू मात्र नको, ते शेवयांना चांगले. दळल्यावर रवाळच राहतात.

सुधीरकाका, सी-३०१: मला शुगर आहे. गूळ आणि कणीक आहे म्हणजे मला चालेल ना?

मंदाकाकू: नाही भाऊ. गूळही साखरच, शिवाय पिकल्या केळ्याची साखर आहेच. कोंडा आहे म्हणून मैद्याच्या केकपेक्षा बरा, एवढंच. पातळ काप एखादा खा, डॉक्टरांना विचारून. घरचं आहे म्हणून दोन-तीन काप खाल्ले असं करू नका.

सुधीरकाका: बरं.

स्नेहा (दुपारी १:२०): लाईट आली. पीठ सकाळीच काकूंच्या घरघंटीत दळून घेतलं होतं, लाईट जायच्या आत. ताटात पसरलं तेव्हा हात घातला तर चहाच्या कपाइतकं गरम! मूठ दाबून सोडली की बोटांच्या खुणा तशाच राहत होत्या. आता पूर्ण गार आहे. कालवून झाकून ठेवलंय.

स्नेहा (२:०५): काकू, हे बघा. [फोटो] कालवलं तेव्हा पातळ होतं, डावातून ओघळत होतं. आता डाव उभा राहायलाय त्यात. काहीच घातलं नाही मधे.

मंदाकाकू: कोंडा पाणी प्यायला. आता सोडा घाल आणि थांबू नकोस.

स्नेहा (३:१५): काढला. मधोमध फुगलाय आणि उभी चीर पडलीय. सुरी कोरडी आली. कापू का?

मंदाकाकू: थांब. जाळीवर तासभर तरी गार होऊ दे. गरम कापलास तर आत ओला वाटेल आणि परत म्हणशील कच्चा राहिला.

वैशाली: घमघमाट बी विंगच्या जिन्यात आलाय. माझी दोघं दारात उभी आहेत.

स्नेहा (४:४०): कापला. [फोटो] खाली थर नाही! तळापासून वरपर्यंत सारखी जाळी पडलीय. आणि केळ्याचे ते काळे दोरे दिसतात ना मधे मधे, बारीक. लेकानं दोन काप उभ्या उभ्या संपवले. पोरं कितीही असू देत, वर पाठवून द्या.

मंदाकाकू: शाबास! उरला तर उद्या खाऊन बघ, एका दिवसानं मुरतो आणि जास्त चांगला लागतो. हवा दमट आहे, परवापासून फ्रीजमध्ये ठेव.

अनघा: काकू मंगळवारी तुमच्या घरघंटीत किलोभर खपली दळून घेऊ का?

मंदाकाकू: ये की. दुपारी ३ नंतर ये, गहू निवडून आण.

गजूदादा: वहिनी, एक काप ठेवता का? उद्या सकाळी गावाकडं जायलोय. आबांना दाखवतो.

स्नेहा: चार काप डब्यात वेगळे काढलेत दादा. किती वाजता निघणार?

गजूदादा: सहाला.

स्नेहा: साडेपाचला डबा दाराला अडकवून ठेवते. येताना अजून केळी आणा, ठिपक्यांची.