मदत हवी आहे: बाँडच्या मागावर इटली, गाडीने

ऑक्टोबरमध्ये मी आणि नवरा नऊ दिवस इटलीत आहोत. तो बाँडवेडा, मी त्याची सारथी! यादी त्याचीच: कोमो सरोवरावरचा व्हिला देल बाल्बियानेल्लो ('कॅसिनो रॉयाल'मध्ये बाँड बरा होतो ती बाग), 'क्वांटम ऑफ सोलेस'च्या सुरुवातीच्या पाठलागातला गार्दा सरोवराकाठचा रस्ता आणि काराराच्या संगमरवराच्या खाणी, मग सिएना आणि शेवटी 'नो टाइम टू डाय'मधलं मातेरा.

घोडं अडतंय ते इथेच. सिएनाहून मातेरा सहाशे किलोमीटरच्या वर. रोमला गाडी सोडून रेल्वेने बारीला जावं आणि तिथून दुसरी गाडी घ्यावी का? मातेराजवळच्या ग्राविनाचा पूलही त्याला बघायचाच आहे. बाँड उडी मारतो तो. (नवऱ्याला कठड्यापासून लांब ठेवीन.)

गार्दाकाठचे बोगदे अरुंद आहेत म्हणे, आणि मला उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नाही. कुणी स्वतः चालवली आहे का? शिवाय शहरांच्या जुन्या भागात प्रवेशाच्या परवान्याशिवाय गाडी नेली की कॅमेरा टिपतो आणि दंड घरी येतो. सिएनात गाडी कुठे लावलीत? गाडी चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून झालाय.