ऑडिट पास, तरी बग परत: छोट्या कंपनीत प्रोसेसचा दर्जा मोजायचा कसा?

होटगीरोडकर
आमची आठ जणांची कंपनी, सोलापुरातल्या सूत व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करतो. आयएसओ ९००१ चं, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाचं, ऑडिट पास झालं आणि तीनच आठवड्यांनी राउंडिंगचा, म्हणजे रक्कम पूर्णांकात करण्यातला, जुना बग परत आला. तोही १० तारखेच्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणाची, मुदत! शोधलं तर एप्रिलमधली दुरुस्ती कुणीतरी थेट ग्राहकाच्या सर्व्हरवर केलेली, गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) टाकलीच नव्हती. नवा रिलीज वर बसला, दुरुस्ती पुसली गेली. ऑडिटच्या फायलीत मात्र कोड रिव्ह्यूच्या, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्याने तपासल्याच्या, चौदा ओळी, सगळ्यांपुढे 'झाला', सह्या एकाच दिवशी एकाच पेनाने. त्यातल्या चार माझ्या, त्याची लाज वाटते.
माझं मत: छोट्या कंपनीने ऑडिट, प्रोसेस मोजायची मॉडेलं, सगळं बंद करावं. चांगली माणसं घ्या, दर्जा येतो.

बाळीवेस_टेस्टर
अजिबात पटलं नाही. खोटी सही तुम्ही केली आणि दोष प्रोसेसला? अमेरिकेच्या संरक्षण खात्याला कंत्राटदारांची कुवत जोखायची होती, त्यासाठी कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने सीएमएम, म्हणजे कंपनीची प्रोसेस किती पक्की आहे ते पातळ्यांनी मोजणारं मॉडेल, तयार केलं. पहिली आवृत्ती १९९१ ची, पातळ्या पाच. पहिल्या पातळीवर काम एखाद्या हुशार माणसाच्या जिवावर चालतं. दुसरीतच कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट येतं, म्हणजे कुठला कोड कुठे चालतोय याची नोंद. तुमचा बग नेमका तिथून निसटलाय.
आणि चांगली माणसं सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जातात हो. आमचा एक असाच गेला. पेरोलच्या मॉड्यूलला हात लावायला दोन महिने कुणी धजलं नाही.

मागवाल्याचा_पोरगा
आमचा टॉवेलचा कारखाना आहे. धागा तुटला की माग तिथंच थांबवायचा. तसाच रेटला तर फॉल्ट पुढं पुढं जातो, मग फोल्डिंगला बसून बाद माल मोजून काय उपयोग? कोडचंही तेच. प्रत्येक मर्जला, म्हणजे नवा कोड मुख्य कोडात मिसळताना, टेस्ट आपोआप चालल्या पाहिजेत, एक जरी पडली तरी मर्ज बंद. मोजायचंच तर चार गोष्टी मोजा: रिलीज किती वेळा, बदल ग्राहकापर्यंत पोचायला किती वेळ, किती रिलीज फसले, फसल्यावर सावरायला किती वेळ.

बाळीवेस_टेस्टर
चारही मान्य, पण आकडे पगारवाढीला जोडू नका. आधीच्या नोकरीत मॅनेजरने बगची संख्या जोडली होती. महिनाभरात बग नोंदवायचा ट्रॅकर रिकामा, बग सगळे व्हॉट्सॲपवर.

होटगीरोडकर
'बंद करा' रागात लिहिलं, मागे घेतो. ग्राहकाच्या सर्व्हरवर हाताने बदल करणं आजपासून बंद, रिलीज फक्त गिटमधून. पण तो चौदा ओळींचा तक्ता मी परत भरणार नाही. ऑडिटरने गिट उघडून बघावं.

बाळीवेस_टेस्टर
कुणी तपासलं ते गिटमध्ये दिसेल. काय तपासलं ते कुठे दिसणार? राउंडिंगसाठी टेस्ट लिहिलीत का, ते आधी सांगा. मग खुशाल फाडा तक्ता.