मदत हवी आहे: रत्नागिरी शहरातल्या आकेशियाचे जुने हर्बेरियम नमुने (संग्रहात वाळवून जपलेले)

इथे रस्त्याकडेला लावलेला आकेशिया (ऑस्ट्रेलियन बाभूळ) आता गडग्याच्या फटीतूनही रुजतोय. ओळख पक्की आहे: पिवळे तुरे, कानासारख्या पिळलेल्या शेंगा, नारिंगी दोऱ्याला लटकलेलं काळं बी. मँजियम ही आकेशियाची दुसरी जात नव्हे, त्याचे तुरे पांढरट आणि पानं रुंद. (पानं कसली, चपटे देठच ते!) नमुना दाबून वाळवलाय.

अडलंय जुन्या नोंदींपाशी. जीबिफवर (जगभरच्या जीवनोंदींचा ऑनलाइन साठा) शोधून झालं. नमुन्याच्या चिठ्ठीवर नुसतं 'रत्नागिरी' असलं की शहर का जिल्हा, कळत नाही. १९८१ पूर्वीची असेल तर त्यात आजचा सिंधुदुर्गही आला. रजा एकाच दिवसाची आहे. कुठे जाऊ: मुंबईचं ब्लाटर हर्बेरियम की पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षण? नेमकी जागा आणि 'लावलेलं' की 'आपोआप उगवलेलं' हे लिहिलेला नमुना कुणी कुठे पाहिलाय का?