पक्की वही सुंदर, पण पेपरात उत्तर आठवत नाही: दहावीच्या मुलीने टिपणे कशी काढावीत?

प्रश्न: खानापूर तालुक्यातील पालक

नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये दहावीला आहे. बसने घरी पोहोचेपर्यंत सहा वाजतात आणि जेवण होताच ती रफ वहीतले सगळे पक्क्या वहीत उतरवायला बसते. अक्षर मोत्यासारखे, मथळे लाल शाईने, त्यांखाली पट्टीने ओढलेल्या रेघा. रात्रीचे दोन तास त्यातच जातात. तरीही गेल्या चाचणीत ‘पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या हृदयाला चार कप्पे का असतात’ या प्रश्नाला तिने आकृती काढली, भागांना नावे दिली आणि पुढे तिला एक ओळही सुचली नाही. घरी येऊन वही उघडली, तर तेच उत्तर तिच्याच अक्षरात पूर्ण लिहिलेले होते. ती कष्टात कमी पडत नाही, म्हणून तिला बोल लावण्याची माझी इच्छा नाही. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या बोर्ड परीक्षेपूर्वी तिची पद्धत बदलावी का, आणि बदलायची तर कशी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर: निवृत्त विज्ञान शिक्षक, बेळगाव

आपल्या मुलीसारख्या अनेक कष्टाळू मुली मी वर्गात पाहिल्या आहेत. उतरवून काढताना डोळे आणि हात काम करतात, पण आठवण्याचे काम एकदाही होत नाही. पेपरात मात्र तेवढेच काम करायचे असते. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर काहींनी एकदा वाचून, मग तो बाजूला ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आणि दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला. पक्की वही लिहून झाल्याबरोबर मुलीला ‘सगळे येते’ असे वाटते, ते या पहिल्या पाच मिनिटांतले वाटणे असते.

म्हणून पक्की वही लिहिणे थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेत ती तपासली जात असेल तर तेवढ्यापुरतीच ठेवावी. वर्गातल्या वहीतच डाव्या बाजूला साधारण अडीच इंचांचा समास सोडावा आणि पानाच्या तळाशी दोन इंच जागा कोरी ठेवावी. ही मांडणी कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांसाठी रूढ केली. आपल्या वह्यांचा छापील समास अरुंद असतो, म्हणून पट्टीने नवी रेघ ओढून घ्यावी. उजवीकडे तासाला ऐकलेले, स्वतःच्या तुटक शब्दांत. वाक्ये पूर्ण नसली तरी चालतील. संध्याकाळी घरी आल्यावर समासात फक्त प्रश्न लिहावेत. हृदयाच्या पाठाचे उदाहरण घेऊ. उजवीकडे असेल: ‘उजवी बाजू – रक्त फुप्फुसांकडे, डावी बाजू – रक्त शरीराकडे, दोन्ही रक्ते मिसळत नाहीत.’ समासात असेल: ‘मिसळले तर काय बिघडेल?’ आता पान उभे दुमडून उजवा भाग झाकावा आणि तोंडाने उत्तर द्यावे: पक्षी व सस्तन प्राण्यांना शरीराचे तापमान कायम राखण्यासाठी सतत ऊर्जा लागते, त्यासाठी भरपूर ऑक्सिजन लागतो, आणि रक्त वेगळे राहिले तरच तो पुरेसा पोहोचतो. हे ‘का’ तिच्या वहीत उत्तर म्हणून होते, प्रश्न म्हणून कधीच नव्हते. तळाच्या जागेत पाठाचे सार दोन ओळींत, वही न पाहता लिहावे.

हेच प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी आणि नंतर आठवड्याने पुन्हा विचारावेत. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. त्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते, त्यामुळे अर्थ समजलेला पाठ तितक्या झपाट्याने पुसला जात नाही. तरी पहिली उजळणी लवकर करावी हे खरेच.

उत्तर: पीयूसी (कर्नाटकातील अकरावी-बारावी) विज्ञान, दुसरे वर्ष

सरांचे म्हणणे पटले. मी स्वतः मराठी माध्यमातून आले असल्याने समासाचा आणखी एक उपयोग सुचवते. पीयूसीला विज्ञान इंग्रजीतून असते आणि पहिले काही महिने मी विषयापेक्षा शब्दांशीच झगडत होते. परावर्तन म्हणजे रिफ्लेक्शन आणि अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, हे दहावीतच समासात शेजारी लिहून ठेवले असते तर वर्गात माझा गोंधळ उडाला नसता. ताईने प्रत्येक पाठातले आठ-दहा शब्द तरी असे लिहावेत. गणिताला मात्र ही वही उपयोगाची नाही. तिथे मी चुकलेल्या गणितांची वेगळी वही ठेवली होती, आणि चूक नेमकी कोणत्या पायरीला झाली ते एका ओळीत लिहून चार दिवसांनी तेच गणित कोऱ्या पानावर सोडवत असे.

उत्तर: एक आई, वडगाव

आमच्या घरात यंत्रमाग आहे, त्यामुळे दिवसभर खडखडाट असतो आणि सलग दोन तास शांत बसणे मुलाला कधी जमलेच नाही. तो पहाटे माग सुरू होण्यापूर्वी पाऊण तास बसत असे, आणि संध्याकाळी आजीला पाठ सांगत असे. आजी शाळेत गेलेल्या नाहीत; त्या मध्येच ‘म्हणजे काय रे?’ असे विचारत, आणि तो अडला की त्याला स्वतःलाच कळे की इथे आपल्याला समजलेले नाही. आपल्या घरी कोणी वडीलधारे असतील तर हे अवश्य करून पाहा.

मूळ प्रश्नकर्ते

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे समासाची वही वापरून झाली. पहिल्या दिवशी पान दुमडल्यावर नऊपैकी तीनच प्रश्नांची उत्तरे आली आणि ती रडकुंडीला आली. काल त्याच पाठाचे आठ प्रश्न आले. रात्रीचा साधारण तासभर वाचतो, तो झोपेला मिळतो. सर, समाजविज्ञानाचे पाठ लांबलचक आहेत. तिथेही प्रत्येक परिच्छेदाला प्रश्न लिहावा का?

निवृत्त विज्ञान शिक्षक

नको. तिथे एका पाठाला पाच-सहाच प्रश्न, पण ‘का’ आणि ‘त्यामुळे काय झाले’ असे विचारणारे लिहावेत. सनावळी वेगळ्या चिठ्ठ्यांवर, पुढे घटना आणि मागे साल. बसच्या प्रवासात त्या चाळता येतील. आणि पहिल्या दिवशी तीनच उत्तरे आली याचे तिला वाईट वाटू देऊ नका. कोणती सहा येत नाहीत हे तिला चाचणीच्या आधीच कळले.