मॉड्युलेटरचा फ्लुओरीन जातो कुठे?

एमओएफ म्हणजे धातू आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू (लिगँड) यांची सच्छिद्र स्फटिकी जाळी. लॅन्थनाइडची (टर्बियमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंची) ४एफ इलेक्ट्रॉन-कक्षकं आत दडलेली, बंधांना पक्की दिशा नाही, म्हणून अशा जाळीची रचना लिगँड ठरवतो, असं म्हणतात; ते मान्य. पण लिगँड म्हणजे फक्त धातूंना जोडणारं मुख्य आम्ल धरलंत तर अर्धीच गोष्ट झाली. ट्रायमेसिक आम्ल आणि टर्बियम मिळून एमओएफ-७६ होतं. त्यात धातूच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि प्रत्येक टर्बियमला सात ऑक्सिजन, सहा आम्लाचे नि एक पाण्याचा. साखळीऐवजी सहा धातूंचा गुच्छ हवा असेल तर २-फ्लुओरोबेंझोइक आम्ल मॉड्युलेटर (मुख्य आम्लासोबतचं मदतनीस आम्ल) म्हणून सढळ हाताने घालतात. रसायनशास्त्रज्ञ एद्दाउदींच्या गटाने २०१३ मध्ये हीच युक्ती वापरून बारा हातांचे (बारा दिशांनी जोडले जाणारे) गुच्छ सरळ रेषेतल्या लिगँडने जोडले होते.

आम्हीही हे आम्ल नुसतं स्फटिकांची वाढ मंदावणारं समजत होतो. डीएमएफ या द्रावकातल्या मिश्रणाची बाटली ओव्हनमधून काढून उघडली की सुकटासारखा वास यायचा (डीएमएफ फुटून डायमिथाइलअमाइन होतं, तेच आम्लाचा प्रोटॉन काढतं), स्फटिक छान दिसायचे, आणि आम्ही गुच्छातल्या धातूंमधला पूल म्हणून सूत्रात हायड्रॉक्साइड लिहून मोकळे! २०२१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ बाल्कस यांच्या गटाने दाखवलं की त्या आम्लातला कार्बन-फ्लुओरीन बंध तुटतो आणि फ्लुओराइड धातूंमधला पूल होऊन बसतो. क्ष-किरणांना हा फरक सहज कळत नाही, कारण फ्लुओराइड आणि हायड्रॉक्साइड दोघांतही इलेक्ट्रॉन दहाच. तेव्हा जुन्या पेपरातलं सूत्र उतरवण्याआधी फ्लुओरीनचा एनएमआर (अणुकेंद्रांचे चुंबकीय सिग्नल टिपणारी चाचणी) बघा, तोही यिट्रियमच्या नमुन्यावर. टर्बियमचं चुंबकत्व सिग्नल पार पसरवून टाकतं.