आफ्टरमार्केट म्हणजे डुप्लिकेट नव्हे

नाशिककर:
काल स्कूटरचे ब्रेक शू घ्यायला गेलो. दुकानदाराने दोन बॉक्स पुढे केले, "हा कंपनीचा, हा आफ्टरमार्केट." शेजारचं गिऱ्हाईक लगेच म्हणालं, "म्हणजे डुप्लिकेटच की!" हा गैरसमज मला फार खुपतो. गाडी शोरूममधून बाहेर पडली की पुढे तिच्यासाठी जे सुटे भाग, टायर, बॅटऱ्या, सीट कव्हर विकत घेतो, तो सगळा बाजार म्हणजे आफ्टरमार्केट. जुनी बॅटरी गेल्यावर दुकानातून आणलेली एक्साइड त्यातच येते. तिला कोणी डुप्लिकेट म्हणतं का? डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव छापलेला खोटा माल. आफ्टरमार्केटवाला स्वतःच्या नावाने विकतो.

गॅरेजवाला_पुणे:
नाव लावतो, पण कुठलं? नाना पेठेत बॉक्सवर दर वर्षी नवी नावं दिसतात. तक्रार घेऊन जावं तर ते नाव गायब. गेल्या महिन्यात एका गाडीचा ड्रम उघडला, तर ब्रेक शूचं लायनिंग सुटून आत अडकलं होतं. तोही 'आफ्टरमार्केट' म्हणूनच विकला होता. एक्साइडचं उदाहरण देऊन या मालाची पाठराखण करू नका.

नाशिककर:
तो माल वाईट, शब्द नाही. 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोठावला, तो याच आफ्टरमार्केटमधल्या अडवणुकीसाठी. कंपन्या अपिलात गेल्या, पण आदेश तुमच्यासारख्या गॅरेजवाल्यांच्या बाजूचा होता.

गॅरेजवाला_पुणे:
बाजूचा होता, मान्य. पण आमचं मुख्य रडगाणं काय होतं? ओरिजिनल पार्ट खुल्या बाजारात मिळत नाहीत. मला आजही तेच हवेत.

सातारचा_बुलेटवाला:
आमच्याकडे आफ्टरमार्केट म्हटलं की सायलेन्सरच आठवतो. पोलीस तसल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात.

नाशिककर:
तिथे अडचण आवाजाची आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची. नोंदणीच्या वेळची गाडी मनाने बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये सांगितलं. झिजलेल्या शूच्या जागी त्याच मापाचा शू बसवणं म्हणजे गाडी बदलणं नव्हे.

शेअरबाजारी:
आमच्याकडे आयपीओ (कंपनीची लोकांना पहिली शेअरविक्री) होऊन शेअर बाजारात लिस्ट झाल्यावरच्या खरेदी-विक्रीलाही आफ्टरमार्केट म्हणतात. तिथे शेअर तोच असतो, खोट्याचा संशयही येत नाही.

नाशिककर:
हेच तर! गॅरेजवाले, तुम्ही बिलावर काय लिहिता?

गॅरेजवाला_पुणे:
'लोकल'.

नाशिककर:
मग ब्रँडचं नाव लिहा ना. चांगला आणि भंगार, दोघांना एकच 'लोकल' लावलंत तर गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं?

गॅरेजवाला_पुणे:
ब्रँड लिहीन, हे पटलं. 'आफ्टरमार्केट' मात्र लिहिणार नाही. तो शब्द वाचून तरुण पोरं इंपोर्टेड माल समजतात, आणि पार्ट गेला की भांडायला माझ्याच दारात येतात.